लिडोचा मान आणि बोथचा प्रेक्षक

ऑगस्ट महिना सरत आला की व्हेनिस शहरासमोरच्या लिडो नावाच्या चिंचोळ्या बेटावर जगभरचे चित्रपट-व्यावसायिक गोळा होऊ लागतात. पुढचे दहा-बारा दिवस तिथल्या लाल गालिच्याची, त्यावरून चालणाऱ्या तारकांच्या पोशाखांची आणि अखेरीस सुवर्णसिंह कुणाच्या हाती पडला याची वर्णने वृत्तपत्रांतून येत राहतात. मराठी वाचकाला या थाटामाटाशी काय कर्तव्य आहे, असा प्रश्न कुणी केला तर त्याला एकदम गप्प बसवता येणार नाही. मात्र मराठी चित्रपटाचा आणि या बेटाचा संबंध आजकालचा नाही. तो नव्वद वर्षांच्या घरात गेलेला आहे आणि अधूनमधून आपल्याला अभिमानाने छाती फुगवण्याची संधी देऊन गेलेला आहे. त्या अभिमानाचे पुढे आपण काय करतो, हा खरा प्रश्न आहे, आणि आज आम्हाला तो उपस्थित करावासा वाटतो.

हा महोत्सव जगातील सर्वांत जुना होय. ६ ऑगस्ट १९३२ रोजी लिडोवरील एक्सेल्सियर हॉटेलच्या गच्चीवर त्याचा पहिला खेळ झाला. त्या वर्षी परीक्षक नव्हते. प्रेक्षकांचा कौल घेऊन काम भागवले गेले. दोन वर्षांनी रीतसर पारितोषिके आली आणि त्यांतल्या सर्वोच्च करंडकाला इटलीच्या तत्कालीन हुकूमशहाचे, मुसोलिनीचे नाव देण्यात आले. कलेच्या या उत्सवाला जन्मतःच राजकारणाचा वारा लागला होता, हे विसरून चालणार नाही. १९३८ साली हिटलरच्या जर्मनीतील ऑलिंपिक स्पर्धांवरचा लेनी रीफेनश्टाल यांचा चित्रपट पारितोषिकासाठी निवडला गेला, तेव्हा अमेरिकी व ब्रिटिश मंडळी चिडून निघून गेली. त्या संतापातून फ्रान्सने आपला स्वतंत्र महोत्सव कान येथे भरवण्याचे ठरवले. त्याचा मुहूर्त १ सप्टेंबर १९३९ चा होता. त्याच दिवशी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या आणि कानचा पडदा प्रत्यक्षात उघडायला १९४६ उजाडले. त्या पहिल्या कानमध्ये चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला सर्वोच्च पारितोषिकात वाटा मिळाला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष त्यापूर्वीचे, १९३७ हे आहे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात झळकला होता आणि तिथे तो वर्षभराहून अधिक काळ मुक्काम ठोकून होता. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. दोघेही मूळचे चित्रकार व तंत्रज्ञ, कोल्हापुरात बाबुराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. शब्दांचा सोस नसलेली माणसे. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे, तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस आणि त्यांच्या बायकोच्या भूमिकेत गौरी. ही गौरी पडद्यावर येते ती शेणाने भरलेल्या हातांनी, म्हशीवर खेकसत, देवाच्या नावाने बोटे मोडत. नवऱ्याच्या भक्तीपायी घरात दाणा उरला नाही याचा राग तिच्या प्रत्येक हालचालीत आहे, आणि त्या रागाइतकीच मायाही. संतपटांच्या आजवरच्या गर्दीत हा चित्रपट वेगळा उठून दिसतो, याचे श्रेय चमत्कारांपेक्षा या संसारी बाईला अधिक आहे, असे आमचे मत आहे. पागनिसांचा तुकाराम आभाळाकडे पाहतो, गौरीची आवली चुलीकडे. आणि दिग्दर्शक दोघांपैकी कुणालाही खोटे ठरवत नाहीत.

असा हा अस्सल देहूच्या मातीचा चित्रपट १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला विशेष उल्लेखाचे प्रशस्तिपत्र मिळाले. जगातील उत्कृष्ट तीन चित्रपटांत त्याची गणना झाली, असे आपण तेव्हापासून सांगत आलो आहोत. त्या वर्षीची पारितोषिकांची यादी लांबलचक होती आणि परदेशी चित्रपटासाठीचा मुख्य करंडक ज्युलियँ द्युविव्हिए या फ्रेंच दिग्दर्शकाने नेला होता, हेही त्याच दमात सांगायला हरकत नसावी. ज्याँ रन्वारचा ‘ला ग्रांद इल्युझियाँ’ हा युद्धविरोधी चित्रपटही त्याच वर्षी तिथे गौरवला गेला. पुढे इटली आणि जर्मनी या दोन्ही देशांत त्यावर बंदी आली. अशा पंगतीत आपला तुकोबा बसला होता. सालोमालोच्या जुलमाला शरण न गेलेल्या एका वाण्याची कथा मुसोलिनीच्या नावाचे करंडक वाटणाऱ्या मंडपात वाखाणली जावी, यातला विरोधाभास त्या वेळी कुणाच्या ध्यानात आला होता की नाही, देव जाणे.

त्या प्रशस्तिपत्राची पुढची कथा मात्र आपल्याला फारशी शोभा देणारी नाही. ते गहाळ झाले. कित्येक वर्षे कुणालाही त्याचा ठावठिकाणा नव्हता आणि अखेर २००४ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात परत आले. त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी २००३ मध्ये, संग्रहालयाच्या ज्वालाग्राही नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागून जुन्या चित्रपटांची हजारो रिळे जळाली होती. म्हणजे सन्मानाचा कागद घरी आला तो घर जळाल्यानंतर. प्रभातची वास्तू तेवढी सुदैवी ठरली. कंपनी १९५३ मध्ये बंद पडली, तरी १९६० साली तिथेच सरकारने चित्रपट-शिक्षणाची संस्था सुरू केली आणि आज तिचे विद्यार्थी जगभर नाव काढीत आहेत. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ मध्ये कान येथे ग्राँ प्री मिळाले, त्या याच संस्थेच्या. त्या चित्रपटाचा उत्तरार्ध रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घडतो, ही गोष्ट कोकणपट्टीतील वाचकांना निराळी सांगायला नको.

‘संत तुकाराम’नंतर मराठी चित्रपटाला लिडोवर पुन्हा मानाचे पान मिळायला २०१४ उजाडावे लागले. मधल्या काळात सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ने १९५७ साली सुवर्णसिंह जिंकला, १९६८ च्या विद्यार्थी-चळवळीच्या धक्क्याने महोत्सवाने दहा-अकरा वर्षे पारितोषिकेच बंद ठेवली, १९८० मध्ये ती पुन्हा सुरू केली, २००१ मध्ये मीरा नायर यांच्या ‘मान्सून वेडिंग’ने भारताला दुसरा सुवर्णसिंह मिळवून दिला. मराठी चित्रपट या साऱ्या काळात तमाशापट, विनोदीपट, कौटुंबिक अश्रुपट अशा वाटांनी चालत होता. त्यांत चांगले काम झाले नाही असे नव्हे, पण ते वेशीबाहेर फारसे गेले नाही.

चैतन्य ताम्हाणे या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने ‘कोर्ट’ हा आपला पहिलाच चित्रपट घेऊन व्हेनिस गाठले आणि ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे व पदार्पणाच्या चित्रपटासाठीचे, अशी दोन पारितोषिके पटकावली. एका वृद्ध लोकशाहिरावर खटला भरला जातो. गटारात उतरून काम करणाऱ्या एका कामगाराने त्याचे गाणे ऐकून आत्महत्या केली, असा आरोप. शाहिराच्या भूमिकेत नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक वीरा साथीदार होते; एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना आपल्यातून नेले. सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी, बचावाचे वकील विवेक गोम्बर, निर्मातेही तेच. चित्रपटात कुणी गर्जत नाही, कुणी टेबलावर मूठ आपटत नाही. तारखा पडतात, पंखे फिरतात, सरकारी वकीलबाई कायद्याची कलमे इंग्रजीतून एका सुरात वाचत जातात, संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात आणि सुटीच्या दिवशी कुटुंबासह परप्रांतीयांची टर उडवणाऱ्या मराठी नाटकाला जाऊन बसतात. खलनायक कुणीच नाही, आणि तरीही एक माणूस चिरडला जातो. आमच्या मते या चित्रपटाचे सर्वांत मोठे यश भाषेच्या हाताळणीत आहे. शाहिराचे गाणे मराठी, वकिलांचा युक्तिवाद कधी मराठी, कधी हिंदी, कलमे इंग्रजी, बचावाच्या वकिलाच्या घरी गुजराती. ज्याच्या मानेवर सुरी आहे त्याची भाषा एक आणि सुरी धरणाऱ्या हाताची भाषा दुसरी, हे दृश्य आपल्या देशातील कोणत्याही कचेरीत दिसेल.

त्याच ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत उतरला. ‘मान्सून वेडिंग’नंतर तिथे पोहोचलेला तो पहिला भारतीय चित्रपट. शास्त्रीय संगीताची साधना करणारा, पण पहिल्या श्रेणीची प्रतिभा आपल्यापाशी नाही हे हळूहळू उमजत जाणारा एक गायक, एवढाच विषय. आदित्य मोडक आणि अरुण द्रविड हे प्रत्यक्ष गाणारेच त्यात शिष्य व गुरू झाले; ध्वनिफितीतून ऐकू येणाऱ्या ‘माईं’ना सुमित्रा भावे यांचा आवाज लाभला. उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक आणि आंतरराष्ट्रीय समीक्षकांचे पारितोषिक, असे दोन मान त्याने मिळवले. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ने २०१४ मध्येच बर्लिनला मुलांच्या परीक्षक मंडळाकडून स्फटिकाचे अस्वल आणले होते, त्यातला पाऊस आणि समुद्र आपल्याच कोकणातला. एकूण, युरोपच्या मंडपांत मराठीची पत आहे, हे मान्य करायला हवे.

आता नकाशावर दुसरीकडे पाहू.

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात बोथ नावाचे गाव आहे. पोचेराच्या धबधब्यासाठी प्रवासी त्या बाजूला जातात. गोंड आदिवासींची मोठी वस्ती असल्यामुळे बोथचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. शेजारीच महाराष्ट्राचा किनवट तालुका लागतो. या मुलखात तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू या भाषा एकाच बाजारात, कित्येकदा एकाच वाक्यात नांदतात. ‘संत तुकाराम’ लिडोवर वाखाणला गेला तेव्हा बोथ आणि किनवट दोन्ही निजामाच्या संस्थानात, एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होते आणि दोघांच्याही कचेरीची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. किनवट आणि राजुरा आदिलाबादमधून काढून मुंबई राज्यात घातले गेले. बोथ आंध्र प्रदेशात राहिले. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले, म्हणजे ‘कोर्ट’ व्हेनिसला दाखवला जाण्यापूर्वी अवघे तीन महिने. राज्ये बदलली, कचेरीची भाषा उर्दूची तेलुगू झाली. तिथल्या मराठी घरातली भाषा होती तीच राहिली. त्या माणसाला तुकोबांचा अभंग समजावून द्यावा लागत नाही. आणि अर्ज एका भाषेत, घर दुसऱ्या भाषेत ही ‘कोर्ट’मधली कोंडीही त्याला कुणी शिकवायला नको.

या माणसापर्यंत ‘कोर्ट’ नेण्याची कोणती व्यवस्था आपण केली? याचे उत्तर एका शब्दात देता येते. चित्रपट एप्रिल २०१५ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झालेला होता. त्याच महिन्यात महाराष्ट्रातील बहुपडदा चित्रपटगृहांनी संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवलाच पाहिजे, या सरकारी फर्मानावरून वृत्तपत्रांत रणकंदन माजले होते. त्या रणकंदनातला प्रत्येक शब्द मुंबई-पुण्याच्या पडद्यांविषयी होता. मराठी चित्रपटाला मिळणारे अनुदान महाराष्ट्राचे, सक्ती महाराष्ट्रातली, पडदे महाराष्ट्रातले. जिथे राज्याची हद्द संपते तिथे मराठी प्रेक्षकही संपतो, असा हिशेब यामागे गृहीत धरलेला दिसतो. बोथ, बिदर, कारवार, बुऱ्हाणपूर, इंदूर, बडोदे ही नावे साहित्य संमेलनाच्या भाषणांत तेवढी निघतात.

चित्रपट गावोगाव नेणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. जत्रेच्या मैदानात तंबू ठोकून, मालमोटारीवर यंत्र बसवून चित्रपट दाखवणाऱ्या फिरत्या टॉकीज हे महाराष्ट्राचे मोठेच वैभव होते. संतपट लागला की प्रेक्षक पादत्राणे काढून बसत, पागनीस दिसले की लोक त्यांच्या पायावर डोके ठेवीत, अशा आठवणी जुनी मंडळी सांगत असत. गेल्या काही दशकांत हे तंबू एकामागून एक उठत गेले. या मरू घातलेल्या धंद्यावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि २०१६ मध्ये कान येथे त्याचा खास गौरव झाला. आमच्या जत्रेतला तंबू कोसळत असताना त्याच्या चित्राचे कौतुक फ्रान्सच्या किनाऱ्यावर व्हावे! पिकते तिथे विकत नाही, ही म्हण आपल्याकडे आहेच. इथे पिकवणाऱ्यालाच आपण काय पिकवले याचा पत्ता नाही.

योगायोग असा की त्याच २०१६ साली महाराष्ट्र शासनाने निवडक मराठी चित्रपट कानच्या चित्रपट-बाजारात नेण्याचा उपक्रम हाती घेतला. उपक्रमाला आमचा विरोध नाही. परदेशी वितरक मिळाला, चार देशांत चित्रपट विकला गेला, तर निर्मात्याच्या पदरात दोन पैसे पडतील आणि पुढचा चित्रपट उभा राहील. पण त्या मोहिमेच्या प्रवासखर्चातला एक लहानसा वाटा राखून तेच चित्रपट सीमेपलीकडच्या मराठी गावांत फिरवता आले असते, ही कल्पना कुणाला सुचू नये याचे आश्चर्य वाटते.

गोव्यालाही या बाबतीत हात झटकून मोकळे होता येणार नाही. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो आहे. त्याचा पहिला खेप १९५२ च्या जानेवारीत मुंबईला झाला होता. इटलीचा ‘बायसिकल थीव्हज्’ आणि जपानचा ‘राशोमोन’ तेव्हा आपल्या लोकांनी पाहिले आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला, तो त्या संस्काराची खूण अंगावर घेऊनच. एका महोत्सवाने देशाच्या चित्रपटाचे वळण बदलावे, एवढी ताकद त्या पंधरवड्यात होती. आणि तो मुंबईपुरता न राहता मद्रास, दिल्ली, कलकत्ता अशा शहरांतही नेण्यात आला होता. मांडवीकाठच्या आजच्या महोत्सवात रोषणाई पुष्कळ असते. महोत्सव आटोपल्यावर त्यातले चार चित्रपट पेडण्याला, काणकोणला किंवा सत्तरीच्या एखाद्या गावात किती वेळा दिसतात, याचा हिशेब आयोजकांनी एकदा मांडावा. लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या ‘पलतडचो मनीस’ या कोकणी चित्रपटाला २००९ मध्ये टोरोंटोला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचे पारितोषिक मिळाले होते. तो पाहिलेले गोमंतकीय किती निघतील? दिव्याखालचा अंधार सर्वत्र सारखाच असतो.

आता मोबाइलच्या पडद्यावर सारे काही मिळते, मग तंबू कशाला, असे म्हणणारे भेटतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘द डिसायपल’ एप्रिल २०२१ अखेरीस नेटफ्लिक्सवर आला आणि वर्गणी भरणाऱ्याला तो बोथमध्ये बसूनही पाहता येतो. परंतु मासिक वर्गणी हा झाला एक उंबरठा. मराठी बोलता येते पण वाचण्याची सवय राहिलेली नाही, अशा मुलाला अशा चित्रपटाचे अस्तित्व कोण सांगणार, हा दुसरा. शिवाय चारचौघांत बसून पाहिलेला चित्रपट आणि एकट्याने हातात धरून पाहिलेला चित्रपट यांत फरक असतो. ‘कोर्ट’मधल्या न्यायाधीशाच्या एखाद्या वाक्यावर सभागृहात कुणीतरी हसते, शेजारी कुणी अस्वस्थ होऊन चुळबूळ करतो, बाहेर पडल्यावर वाद होतो. तो वाद हाही चित्रपटाचाच भाग आहे. चित्रपट सोसायट्यांनी हेच काम अनेक वर्षे केले. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चालत आले आहे. त्याचे नाव ज्या कंपनीची आठवण करून देते, तिचा धंदा अगदी खेड्यातल्या तिकिटावरही उभा होता.

खेड्यातल्या प्रेक्षकाला असे संथ, बिनगाण्याचे चित्रपट रुचतील का, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘कोर्ट’ संथ आहे, हे खरे. काहींना तो कंटाळवाणा वाटेल, काही उठून जातील. लिडोवरही लोक उठून जातात. तिथल्या प्रेक्षकांची त्याबद्दल ख्यातीच आहे. उठून जाण्याचा हक्क मिळण्यासाठी आधी बसायला जागा तरी मिळाली पाहिजे. आणि शिकलेल्यांना जे समजते ते इतरांना समजत नाही, ही समजूत ‘संत तुकाराम’ने १९३७ मध्येच खोटी पाडली होती. परदेशी परीक्षकांना जो भावला तोच भाषा न वाचता येणाऱ्या बाईमाणसांनाही भावला होता, आणि दोघांसाठी फीत एकच होती.

करायचे काय, तर फार मोठे काही नाही. आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. त्यांची सभागृहे किंवा पटांगणे आहेत. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक खात्याने तेलंगण सरकारशी एक पत्रव्यवहार करावा, निर्मात्यांना रास्त मोबदला देऊन दहा-बारा चित्रपटांचे हक्क वर्षभरापुरते घ्यावेत आणि हिवाळ्याच्या महिन्यांत एक यंत्र व एक माणूस बोथ, आदिलाबाद या बाजूला फिरवावा. चित्रपटांवर तेलुगू अक्षरे उमटवून घ्यावीत. व्हेनिसच्या परीक्षकांसाठी इंग्रजी अक्षरे उमटवली गेली होती. शेजारच्या तेलुगू माणसासाठी त्याचीच उजळणी करायला किती खर्च येणार? मराठी कुटुंबाबरोबर त्याचा तेलुगू शेजारीही येऊन बसेल, गोंड मुलेही येतील. यादीत पहिला ‘संत तुकाराम’ असावा आणि लगेच दुसऱ्या संध्याकाळी ‘कोर्ट’. एका शाहिराच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि दुसऱ्याच्या गाण्यावर खटला भरला गेला, हे त्या दोन संध्याकाळींत बोथचा प्रेक्षक आपले आपणच जोडून पाहील. पणजीच्या महोत्सवाचे आयोजक आणि मुंबईची चित्रनगरी यांनी या खर्चात निम्मा-निम्मा वाटा उचलावा, अशी आमची सूचना आहे. येत्या अर्थसंकल्पाच्या चर्चेत ती मांडायला दोन्ही राज्यांच्या आमदारांना अद्याप वेळ आहे.